महासाथीत मनोरंजन उद्यान पुन्हा उघडताना: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

काही महिने बंद राहिलेले मनोरंजन उद्यान, जलक्रीडा केंद्र किंवा नाट्यगृह पुन्हा उघडायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी होते ती सॅनिटायझरची, जमिनीवर चिकटवायच्या गोल खुणांची आणि ताप मोजणाऱ्या उपकरणांची. त्यानंतर तिकीटविक्री सुरू होते, आणि शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येते की मोठ्या राईडचा ब्रेक धरत नाही, पाण्याच्या टाक्या चार महिने उपसलेल्या नाहीत आणि निम्म्या ऑपरेटरांचा सराव सुटलेला आहे. क्रम उलटा झाल्यामुळे उरलेली सगळी कामे घाईत उरकली जातात. या लेखात तीच कामे योग्य क्रमाने मांडली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने कोविड-१९ च्या काळातील आहेत, मात्र श्वासातून पसरणाऱ्या कोणत्याही साथीत क्रम हाच राहील.

मोठ्या उद्यानाने तयारीला किमान सहा आठवडे द्यावेत, असे माझे मत आहे. सुट्या भागांची मागणी आणि पाण्याच्या चाचण्यांचे अहवाल यांतच त्यांतील बराच वेळ जातो.

## टप्पा १: आधी निर्णयाचे नियम लिहून काढा

पहिले काम कागदावरचे आहे. हा रोग कसा पसरतो, लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात आणि लक्षणे नसलेली व्यक्ती तो पसरवते का, या तीन प्रश्नांची उत्तरे आरोग्य विभागाकडून घ्या, कारण पुढचा प्रत्येक उपाय त्यांवरच ठरतो. कोविडच्या सुरुवातीला बहुतेकांचा भर पृष्ठभाग पुसण्यावर होता. पुढे, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असल्याचे सांगितले. ज्यांनी सगळे मनुष्यबळ पुसण्यावर लावले होते, त्यांचे बंद सभागृहांतील हवेकडे दुर्लक्ष झाले होते.

त्याच कागदावर तीन गोष्टी नावानिशी आणि आकड्यांनिशी लिहा: उद्यान उघडण्याचा अंतिम निर्णय कोणाचा, कोणत्या परिस्थितीत गर्दीची मर्यादा कमी करायची आणि कोणत्या परिस्थितीत दरवाजे पुन्हा बंद करायचे. बंद करण्याचा नियम उघडण्याआधीच लिहिलेला असला पाहिजे, कारण तिकिटे विकली गेल्यानंतर तो कोणीच कठोरपणे लिहीत नाही. हाँगकाँगचे डिस्नेलँड १८ जून २०२० रोजी उघडले आणि १५ जुलै रोजी, म्हणजे महिन्याच्या आतच, त्याला पुन्हा बंद करावे लागले. ज्याच्याकडे बंद करण्याची पद्धत तयार असते, त्यालाच असा प्रसंग निभावता येतो.

तपासा: सरकारी परवानगीबरोबर विमा कंपनीचे आणि अग्निशमन विभागाचे लेखी उत्तर हाती आले आहे का? परवानगीतील गर्दीची टक्केवारी ही वरची मर्यादा असते. तुमच्या जागेला ती झेपतेच असे नाही.

## टप्पा २: थांबलेली यंत्रे

रोज चालणाऱ्या राईडपेक्षा महिनोन्महिने उभी राहिलेली राईड अधिक धोकादायक असते. पॉलियुरेथेनची चाके एकाच जागी भार सोसून चपटी होतात, हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेची सीले, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, सुकून गळू लागतात, ब्रेकच्या घर्षणपट्ट्यांवर गंज आणि ओल बसते, नियंत्रण यंत्रणेतील बॅटरी उतरल्याने साठवलेल्या नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता असते आणि पक्षी, उंदीर व गांधीलमाश्या मोटारीच्या खोल्यांमध्ये घरटी करतात. उन्हात राहिलेले सीट बेल्ट वरून चांगले दिसतात, पण त्यांचा धागा अशक्त झालेला असतो.

कामे या क्रमाने करावीत:

1. निर्मात्याच्या पुस्तिकेतील दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्राचा विभाग काढा. रोजची तपासणी यादी इथे पुरत नाही. तसा विभाग नसेल, तर निर्मात्याकडून लेखी सूचना मागवा.
2. वीज सुरू करण्याआधी सांगाडा, जोड, वेल्डिंग आणि बोल्ट डोळ्यांनी व आवश्यक तेथे विनाविध्वंस चाचणीने (भाग न तोडता आतील तडे शोधणाऱ्या चाचणीने) तपासा.
3. वीज देऊन प्रत्येक सेन्सर, आपत्कालीन थांबा आणि सुरक्षा दांड्याचे (प्रवाशाला जागेवर धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) कुलूप स्वतंत्रपणे तपासा.
4. राईड रिकामी चालवा, मग पाणी भरलेल्या पुतळ्यांचा किंवा वाळूच्या पोत्यांचा भार ठेवून चालवा, आणि माणसे त्यानंतरच बसवा.
5. राईड मध्येच थांबली तर प्रवाशांना खाली कसे आणायचे, याचा सराव मास्क आणि हातमोजे घालून करा.

इथे एक बाब वारंवार निसटते. अंतर राखण्यासाठी एकाआड एक ओळ रिकामी ठेवली की राईडवरील भार बदलतो. झोके घेणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या राईडमध्ये एका बाजूला जास्त वजन आले तर यंत्रावर ताण येतो. रोलर कोस्टरची गाडी फार हलकी झाली आणि हवा थंड असली, तर ती चढ पार न करता रुळाच्या खोलगट भागात अडकू शकते. कोणत्या ओळी रिकाम्या ठेवायच्या, हे तिकीट विभागाने परस्पर ठरवू नये. निर्मात्याची संमती घ्यावी आणि चौथ्या पायरीतील चाचणी त्याच मांडणीने पुन्हा करावी.

सावधान: प्रवाशापासून दूर राहायचे म्हणून सुरक्षा दांडा हाताने ओढून तपासणे कधीही वगळू नका. ऑपरेटरला चांगला मास्क द्या, चेहऱ्यावर पारदर्शक कवच द्या, पण हात दांड्यापर्यंत गेलाच पाहिजे.

## टप्पा ३: साचलेले पाणी

लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. उद्यानात तुषार उडवणाऱ्या जागा कितीतरी असतात: कारंजी, धुके सोडणारे पंखे, शॉवर, वातानुकूलनाचे शीतकरण मनोरे आणि कोमट पाण्याची कुंडे. एका साथीची तयारी करताना दुसऱ्या आजाराचे दार उघडू नये, म्हणून हे काम पाहुण्यांच्या सोयींच्या बरेच आधी करावे लागते.

टाक्या रिकाम्या करून घासा आणि निर्जंतुक करा. गरम पाण्याची साठवण ६० अंशांवर किंवा त्याहून अधिक ठेवा. मुख्य वाहिनीपासून सुरुवात करून सर्वांत दूरच्या नळापर्यंत एकेक तोटी सोडून पाणी वाहू द्या. तोटी सावकाश उघडा, कारण सुरुवातीचे तुषारच सर्वांत दूषित असतात, आणि हे काम करणाऱ्याने योग्य श्वसनमुखवटा घातलेला असला पाहिजे. त्यानंतर नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत त्या भागातील शॉवर व कारंजी सुरू करू नका. धुक्याचे पंखे साथीच्या काळात बंदच ठेवावेत, असे मी सुचवेन.

पोहण्याच्या आणि घसरगुंड्यांच्या पाण्यात मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी शिल्लक असलेले क्लोरीन) व सामू (पीएच) दिवसातून अनेकदा मोजावे लागतात. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा; तो याहून वर गेला, तर क्लोरीनचा आकडा चांगला असूनही ते नीट काम करत नाही. व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातून श्वसनाचे विषाणू पसरण्याची भीती फारशी नसते. खरी गर्दी घसरगुंडीच्या जिन्यावर होते, आणि तिथे मास्क नसतो, कारण ओला मास्क श्वास अडवतो व तो पाण्यात घालू नये. म्हणून जिन्यावरील माणसांची संख्या खालूनच मोजून सोडा.

## टप्पा ४: बंद जागांतील हवा

अंधारी राईड, चित्रपटगृह, बाहुल्यांचे दालन आणि खेळयंत्रांची खोली या जागा सर्वांत शेवटी उघडाव्यात. त्या उघडण्याआधी वातानुकूलन यंत्रणा बाहेरची ताजी हवा किती आत घेते, हे मोजून घ्या. अनेक यंत्रणा वीज वाचवण्यासाठी तीच हवा फिरवत राहतात आणि सभागृह थंड असते म्हणून हवा चांगली आहे, असा समज होतो.

समजा, सभागृह २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे, म्हणजे १,८०० घनमीटर. तासाला १०,८०० घनमीटर ताजी हवा येत असेल, तर हवा तासाला ६ वेळा बदलते. हीच हवा सेकंदाला ३,००० लिटर होते. जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटरचे माप सांगितले आहे, त्यामुळे या सभागृहात हवेच्या हिशोबाने ३०० पेक्षा जास्त माणसे बसवता येणार नाहीत. अंतराच्या हिशोबाने आकडा वेगळा येईल. दोहोंपैकी लहान आकडा घ्यावा. तासाला ६ बदल असताना हवेतील ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात, १२ बदल असतील तर सुमारे २३ मिनिटे. दोन खेळांमधील मोकळा वेळ यावरून ठरतो.

यंत्रणा पेलत असेल तर मर्व्ह १३ दर्जाचे (हवेतील बारीक कण अडवणारे) फिल्टर बसवा. जुना पंखा दाट फिल्टरमधून हवा ओढू शकत नसेल, तर उलट हवा कमी होते. श्वासांनी हवा किती कोंदली आहे हे कळण्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरण प्रेक्षकांच्या बैठकीच्या उंचीवर, दारापासून दूर ठेवा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असते. आत ते ८०० च्या वर टिकून राहिले, तर माणसे कमी करा किंवा हवा वाढवा. रंगमंचावर कोरड्या बर्फाचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) धुके सोडत असाल तर हे उपकरण खोटा आकडा दाखवेल, म्हणून मापन तो प्रयोग नसताना करा.

सावधान: हवेसाठी आगप्रतिबंधक दरवाजे अडसर लावून उघडे ठेवू नका. काउंटरवरील उंच प्लास्टिकचे पडदे कधी कधी हवेचा प्रवाहच अडवतात. ते बसवल्यावर मापन पुन्हा घ्या.

## टप्पा ५: किती माणसे आत सोडायची

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबू. एकूण क्षेत्रफळाला एका आकड्याने भागून किंवा नेहमीच्या क्षमतेचे ठरावीक टक्के घेऊन मर्यादा ठरवली जाते. माणसे मात्र क्षेत्रफळावर सारखी पसरत नाहीत. ती रांगेत, स्वच्छतागृहाच्या दाराशी आणि खाण्याच्या काउंटरपाशी दाटतात. म्हणून हिशोब सर्वांत अरुंद जागेपासून सुरू करा.

एक राईड घ्या. गाडीत २४ जागा आहेत आणि नेहमी दर २ मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला ७२० माणसे. आता एकाआड एक ओळ रिकामी ठेवली की जागा १२ उरतात. चढ-उतार आणि पुसणे यांमुळे गाडी दर ३ मिनिटांनी सुटते. तासाला २४० माणसे, म्हणजे नेमकी एक तृतीयांश. उद्यानात निम्मी माणसे सोडली, तरी या राईडची रांग पूर्वीपेक्षा लांब होणार.

आता रांग पाहा. तिची लांबी १२० मीटर आहे. तिघांच्या गटाला उभे राहायला १ मीटर आणि मागे २ मीटर अंतर धरले, तर ४० गट, म्हणजे १२० माणसे मावतात. कागदावर हे ठीक दिसते. पण रांग नागमोडी असते आणि शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेमतेम हातभर जागा असते. पुढे-मागे अंतर राखलेला माणूस बाजूच्या पट्टीतील अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. म्हणून एकाआड एक पट्टी बंद करावी लागते, रांग ६० मीटरची होते आणि तिच्यात ६० माणसेच मावतात. जमिनीवर खुणा चिकटवणारे बहुतेक जण हा बाजूचा विचार करत नाहीत.

अशा १० राईड असतील तर रांगांत ६०० माणसे. राईडवर आणि खेळांच्या सभागृहांत मिळून ५००, खाण्याच्या जागी ३००, मोकळ्या वाटा व बागांत १,००० धरली तर एका वेळी २,४०० होतात. यातून १५ टक्के वजा करा, कारण एखादी राईड बंद पडली किंवा अचानक पाऊस आला की तिथली माणसे त्याच क्षणी वाटांवर आणि छपरांखाली येतात. उरतात सुमारे २,०००. त्यानंतर हा आकडा स्वच्छतागृहांना आणि बाहेर पडण्याच्या दारांना झेपतो का, ते पाहा. झेपत नसेल तर आणखी खाली या.

हा आकडा एका वेळी आत असणाऱ्यांचा आहे, दिवसभराच्या तिकिटांचा नव्हे. हे दोन आकडे एकच समजल्यामुळे दुपारी गर्दी हाताबाहेर जाते. प्रवेशाच्या वेळा ठरवून आगाऊ तिकिटे द्या आणि दारावर आत येणारे व बाहेर जाणारे दोन्ही मोजा. शांघायचे डिस्नेलँड ११ मे २०२० रोजी उघडले तेव्हा सरकारी मर्यादा ३० टक्क्यांची होती आणि व्यवस्थापनाने सुरुवात त्याहूनही कमी संख्येने केली.

मिरवणुका, आतषबाजी आणि पात्रांना मिठी मारून काढायची छायाचित्रे सुरुवातीला रद्दच ठेवा. कितीही खुणा आखल्या तरी आतषबाजी सुरू होताच लोक एका जागी येतात.

तपासा: एकेरी वाटांसाठी लावलेले कठडे आपत्कालीन मार्गावर आले नाहीत ना? आग लागल्यावर अंतराचा नियम संपतो. तेव्हा प्रत्येक दार मोकळे हवे.

## टप्पा ६: स्वच्छता

हा टप्पा लोकांना बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून चुकाच सांगतो. धूळ आणि तेलकटपणा जंतुनाशकाला निकामी करतात, म्हणून आधी साबणाने धुवा. ५ टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग आणि पाण्याचे ४९ भाग मिसळले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करा. आम्ल किंवा अमोनिया असलेल्या द्रवात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. धातूच्या कुलपांवर ते वारंवार लावल्यास गंज चढतो आणि अल्कोहोलमुळे काही पारदर्शक प्लास्टिकला तडे जातात. म्हणून राईडवर कोणते रसायन चालेल, हे निर्मात्याला विचारा. दांडा ओला असताना प्रवासी बसवू नका.

माणसांवर जंतुनाशक फवारणारी कमान उभारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच ती कोणत्याही परिस्थितीत वापरू नये असे सांगितले आहे. हातांच्या सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे, आणि त्याचे साठे ज्वालांचे प्रयोग होणाऱ्या रंगमंचापासून व विजेच्या फलकांपासून दूर असावेत.

## टप्पा ७: कर्मचारी

दीर्घ खंडानंतर प्रत्येक ऑपरेटरची त्या-त्या राईडवर नव्याने परीक्षा घ्या, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो. जुनी सवय हातात असते, पण बसण्याची मांडणी, सुटण्याचा वेळ आणि घोषणा बदललेल्या असतात, आणि जुनी सवय नव्या क्रमात मिसळली की चूक होते.

कर्मचाऱ्यांचे ठरावीक गट करा आणि गट आपसांत मिसळू देऊ नका. पाहुण्यांसमोर सगळे नियम पाळणारी माणसे विश्रांतीच्या खोलीत आणि ने-आण करणाऱ्या बसमध्ये मास्क काढून जवळजवळ बसतात. संसर्ग तिथूनच पसरतो. विश्रांतीसाठी मोकळ्यावर सावली करून द्या आणि जेवणाच्या वेळा विभागा.

सर्वांत महत्त्वाचा नियम पैशांचा आहे. आजारी कर्मचाऱ्याचा पगार कापला जाणार असेल, तर तो खोकला लपवून कामावर येईल. तिकिटाचे पैसे बुडणार असतील, तर ताप उतरवणारी गोळी घेऊन कुटुंब दारात येईल. पगारी रजा आणि विनाअट तारीख बदलून देणे हे दोन निर्णय ताप मोजण्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक काम करतात. ते यंत्र लक्षणे नसलेल्या बाधिताला ओळखूच शकत नाही, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या निरोगी माणसाचे कपाळ गरम दाखवते.

मास्क न घालणाऱ्या पाहुण्याशी कसे बोलायचे, वाद वाढल्यास कोणाला बोलवायचे आणि ओठांच्या हालचालींवरून समजणाऱ्या बधिर पाहुण्याला सूचना कशा द्यायच्या, यांचा सराव प्रत्यक्ष प्रसंग उभे करून घ्या. जपानमधील उद्यानांनी २०२० मध्ये रोलर कोस्टरवर मोठ्याने ओरडणे टाळण्याची विनंती केली होती. अशी सूचना चढण्याआधी, शांत शब्दांत दिली तर लोक ती मनावर घेतात.

## टप्पा ८: रंगीत तालीम

पहिल्या दिवशी फक्त कर्मचारी पाहुणे होऊन येतात. दुसऱ्या दिवशी त्यांची कुटुंबे, लहान मुले व वृद्धांसह. तालीम सुरळीत जावी अशी इच्छा धरू नका. मुद्दाम एक राईड बंद करा, एका पाहुण्याला चक्कर आल्याचे दाखवा, अग्निसूचक वाजवा, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकाच वेळी बाहेर सोडा. रांगेत खरोखर किती माणसे मावली आणि गाडी किती मिनिटांनी सुटली, हे घड्याळ लावून मोजा. टप्पा ५ मधील आकडे या मापांनी बदला, मगच तिकीटविक्री सुरू करा.

सावधान: तालमीआधी विकलेली तिकिटे नंतर मर्यादा कमी करू देत नाहीत.

## टप्पा ९: उघडल्यानंतर

मर्यादा वाढवण्याची घाई करू नका. कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूत लागण ते लक्षणे हा काळ १४ दिवसांपर्यंत असू शकत होता. त्यामुळे आज झालेल्या चुकीचा परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो. प्रत्येक वाढीनंतर किमान तेवढे दिवस थांबा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मर्यादा वाढवली आणि त्याच आठवड्यात बंद सभागृहही उघडले, तर आजारी कर्मचाऱ्यांची संख्या का वाढली हे कळणार नाही.

कोणत्या गटाने कोणत्या दिवशी कुठे काम केले आणि कोणते तिकीट कोणत्या वेळेला आत आले, याची नोंद ठेवा. आरोग्य विभागाला लागेल तेवढीच माहिती घ्या आणि ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करा.

उद्यान भरलेले असतानाच संसर्गाची बातमी आली तर काय करायचे, याची तयारी फार थोड्या ठिकाणी असते. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी शांघायच्या डिस्नेलँडमध्ये नेमके हेच झाले: प्रवेश थांबवला गेला आणि आत असलेल्या सुमारे ३४,००० लोकांना चाचणी झाल्यावरच बाहेर पडता आले. असा आदेश तुमच्याकडे आला, तर त्या रात्री पिण्याचे पाणी, लहान मुलांचे दूध, मधुमेहींसाठी खाणे, स्वच्छतागृहे आणि घरी जाण्याची वाहने कोठून येतील, हे टप्पा १ मधील कागदावर नावांसह लिहिलेले हवे. ध्वनिक्षेपकावरून करायची घोषणा आधीच लिहून ठेवा, ती कोण वाचेल तेही ठरवा, आणि ती ऐकताच प्रत्येक राईडचा ऑपरेटर चालू फेरी पूर्ण करून, प्रवासी उतरवूनच यंत्र बंद करील याचा सराव घ्या.